मुक्काम काप्री

काप्री नकाशावर शोधायला थोडा वेळ लागतो. नेपल्सच्या आखाताच्या दक्षिण तोंडाशी, सोरेंतोचं भूशिर जिथे संपतं तिथून पाचेक किलोमीटरवर, चुनखडीचा एक डोंगर समुद्रातून वर आलेला आहे. क्षेत्रफळ जेमतेम १० चौरस किलोमीटर. विमानतळ नाही, लांबलचक वाळूचा किनारा नाही, नदी तर नाहीच. सुट्टीसाठी जागा निवडताना लोक ज्या गोष्टी बघतात त्यातल्या निम्म्या इथे सापडणार नाहीत. तरीही ज्यांना जगात कुठेही जाणं परवडत होतं अशी माणसं, रोमन सम्राटांपासून जॅकी केनेडीपर्यंत, इथेच का आली? आणि आज आपण गेलो तर त्यातलं आपल्या वाट्याला काय येतं? या दोन प्रश्नांतून हे पुस्तक निघालं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांसाठी निराशेचं असतं, कारण बहुतेक जण इथे पाच-सहा तासांपुरते येतात. नेपल्सहून आणि सोरेंतोहून निघालेल्या बोटी सकाळी दहाच्या सुमारास मरिना ग्रांदेच्या धक्क्याला एकामागून एक लागतात. उतरलेली माणसं झेंडा धरलेल्या गाइडमागे फ्युनिक्युलरच्या रांगेत उभी राहतात. वर पियाझेत्ता नावाच्या चिमुकल्या चौकात घड्याळाच्या मनोऱ्याखाली फोटो होतात, दुकानांच्या काचांतल्या किमती वाचून भुवया वर जातात, कुणीतरी लिंबाचा बर्फ खातं, आणि ‘चला, बोट चुकेल’ म्हणत सगळे पुन्हा खाली. घरी परतल्यावर सांगायला एवढंच उरतं, की गर्दी फार आणि कॉफी महाग. त्यांचं काही चुकत नाही. काप्री आणि अनाकाप्री ही दोन्ही गावं मिळून बेटावर राहणारी माणसं १४ हजारांच्या आसपास. भर हंगामातल्या एखाद्या दिवशी उतरणारे पाहुणे त्याहून जास्त. त्या वेळी, त्या चौकात, आवडावं असं फारसं काही नसतंच.

सहानंतर हा ओघ उलटा फिरतो. बोटी भरून जातात, धक्का मोकळा होतो, आणि गाव आपल्या माणसांच्या ताब्यात परत येतं. दिवसभर दिसले नव्हते ते रहिवासी कपडे बदलून फिरायला बाहेर पडतात. पोरं चर्चच्या पायऱ्यांवर चेंडू खेळतात. आणि चौकातल्या ज्या टेबलाकडे सकाळी बघवतही नव्हतं तिथे निवांत बसून दोन तास काढावेसे वाटतात. काप्रीची खरी चैन या वेळात आहे, आणि ती मुक्काम करणाऱ्यालाच मिळते. महागड्या हॉटेलात एक रात्र काढून दुसऱ्या सकाळी धावत बोट पकडणाऱ्यापेक्षा अनाकाप्रीतल्या साध्या घरगुती हॉटेलात पाच रात्री राहणारा माणूस जास्त थाटात राहतो, असं माझं मत आहे. पुढची सगळी प्रकरणं या मतावर उभी आहेत, तेव्हा ते पटत नसेल तर पुस्तक इथेच मिटलेलं बरं.

मुक्कामाचा हा आग्रह माझा एकट्याचा नाही. काप्रीचा इतिहास म्हणजे आलेल्या आणि राहून गेलेल्या माणसांचाच इतिहास आहे. ऑगस्टस सम्राटाला हे बेट इतकं आवडलं, की इ.स.पूर्व २९ मध्ये त्याने नेपल्सकरांना शेजारचं इस्किया देऊन ते बदल्यात घेतलं. इस्किया काप्रीच्या कितीतरी पट मोठं, सुपीक, गरम पाण्याच्या झऱ्यांचं. व्यवहार म्हणून पाहिलं तर सम्राट फसला. त्याचा वारस टिबेरियस तर इ.स. २७ ते ३७ अशी आयुष्यातली शेवटची दहा वर्षं इथेच राहिला आणि सबंध रोमन साम्राज्याचा कारभार या खडकावरून चालवला. बेटावर त्याचे बारा महाल होते असं रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. त्यांतल्या सर्वांत मोठ्या व्हिला योव्हिसचे अवशेष पूर्वेच्या टोकावर, समुद्रापासून तीनशेहून जास्त मीटर उंचीवर आजही आहेत. सुएटोनियसने या म्हाताऱ्याच्या विलासाच्या ज्या कहाण्या लिहून ठेवल्या त्या गाइड लोक फार रंगवून सांगतात. त्यांतलं किती खरं मानायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. मला त्या अवशेषांत सर्वांत जास्त खिळवून ठेवतात त्या मधोमध बांधलेल्या पाण्याच्या प्रचंड टाक्या. झरा नाही, नदी नाही. म्हणून पावसाचा थेंबन् थेंब छपरांवरून खाली उतरवून साठवायचा, आणि मग त्यावर स्नानगृहं चालवायची. बेटावरची प्रत्येक चैन आधी पाण्याच्या हिशेबाने ठरत होती.

तो हिशेब अजून संपलेला नाही. आज काप्रीला मुख्य भूमीवरून समुद्राखालच्या वाहिनीने पाणी येतं. २२ जून २०२४ रोजी, ऐन हंगामातल्या शनिवारी, मुख्य भूमीवरच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि महापौरांनी पर्यटकांना बेटावर उतरायलाच बंदी केली. निघालेल्या बोटी अर्ध्या वाटेतून माघारी वळल्या. दुरुस्ती झाल्यावर बंदी त्याच दिवशी उठली, पण हजार-पाचशे युरोंची खोली राखून ठेवलेल्या माणसालाही नळाला पाणी नसेल तर बेटावर जागा नाही, हे त्या दिवशी दिसलं. हॉटेलात टॉवेल रोज धुवायला टाकू नका, अशी चिठ्ठी ठेवलेली असते. तिच्याकडे आपल्याकडच्या हॉटेलातल्या चिठ्ठीसारखं दुर्लक्ष करू नये. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा पाण्याची बाटली घरूनच न्यावी.

रोमनांनंतर काप्री कित्येक शतकं कोळी, शेतकरी, मठ आणि चाचे यांचं राहिलं. त्याला पुन्हा जगाच्या नजरेत आणलं ते एका जर्मन कवी-चित्रकाराने. १८२६ च्या ऑगस्टमध्ये आउगुस्ट कोपिश हा तरुण पागानो नावाच्या नोटरीच्या घरी उतरला होता. वायव्य किनाऱ्यावरच्या एका गुहेत भुतं राहतात अशी कोळ्यांची समजूत होती. कोपिश, त्याचा मित्र आणि आंजेलो फेरारो हा स्थानिक कोळी तिथे पोहत शिरले, आणि आतलं निळं पाणी पाहून थक्क झाले. गुहेचं तोंड जेमतेम मीटरभर उंच. पण पाण्याखाली दुसरी मोठी फट आहे आणि ऊन तिच्यातून गाळून येतं, म्हणून सगळी गुहा खालून उजळलेली दिसते. हान्स ख्रिश्चन अँडरसनने १८३५ च्या आपल्या कादंबरीत ही गुहा आणली आणि उत्तर युरोपात निळ्या गुहेचं वेड पसरलं. पागानोंचं घर चित्रकारांचं आवडतं हॉटेल होऊन बसलं.

त्यानंतर आले ते बहुधा आजारी लोक, किंवा आजारी असल्याचं सांगून थंडी चुकवणारे. १८४५ मध्ये जॉर्ज सिडनी क्लार्क या ब्रिटिश डॉक्टराने क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं. तेच पुढे क्विसिसाना हे बेटावरचं सर्वांत नामांकित हॉटेल झालं. यातली एक गोष्ट आज सगळे विसरले आहेत. त्या काळी काप्रीचा हंगाम हिवाळ्याचा आणि वसंताचा होता. रशिया, जर्मनी, स्वीडन, इंग्लंडची माणसं ट्रंका घेऊन यायची आणि महिनोन् महिने राहायची. भर उन्हाळ्यात समुद्रात डुंबायला यायचं, ही विसाव्या शतकातली फॅशन. आक्सेल मुंथे या स्वीडिश डॉक्टराने अनाकाप्रीच्या कड्यावर, जुन्या चॅपेलच्या आणि रोमन अवशेषांच्या जागी व्हिला सान मिकेले बांधला आणि १९२९ मध्ये त्यावर इंग्रजीत आत्मकथन लिहून जगभर नाव मिळवलं. गंमत अशी, की डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्याला स्वतःला तिथला झगझगीत उजेडच सोसेना, म्हणून तो जवळच्या एका अंधाऱ्या जुन्या बुरुजात राहायला गेला. फ्रीडरिश आल्फ्रेड क्रुप हा जर्मन पोलाद-सम्राट क्विसिसानात हिवाळे काढायचा, समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करायचा. त्याच्या पैशाने १९०० ते १९०२ मध्ये कड्यावरून वेलांट्या घेत मरिना पिकोला या छोट्या बंदराकडे उतरणारी वाट झाली. वर्तमानपत्रांनी त्याच्या खाजगी आयुष्याची लक्तरं काढली आणि तो १९०२ मध्येच वारला. वाट अजून त्याच्या नावाने आहे, पण दरडींच्या भीतीने तिचं फाटक वर्षानुवर्षं बंद असतं. उघडं सापडलं तर सगळे बेत बाजूला ठेवून आधी तिथे उतरावं.

मॅक्सिम गॉर्की १९०६ ते १९१३ इथे राहिला. १९०८ आणि १९१० मध्ये लेनिन त्याच्याकडे पाहुणा म्हणून आला होता; गॉर्कीच्या घरी आपला क्रांतिकारक सहकारी बोग्दानोव्ह याच्याशी बुद्धिबळ खेळतानाचा लेनिनचा फोटो प्रसिद्ध आहे. ऑगस्टसच्या नावाच्या बागेत, जिथे आज नवविवाहित जोडपी फाराल्योनी खडकांकडे पाठ करून उभी राहतात, तिथेच माझ्यासारख्याला हसू आवरत नाही असं लेनिनचं स्मारकशिल्प आहे. क्रुपने ज्या जमिनीवर पैसा ओतला तिथेच लेनिन उभा, हा विनोद इटालियन लोकांनाच सुचावा. कवी पाब्लो नेरुदा १९५२ मध्ये आपली प्रेयसी माटिल्डे हिच्याबरोबर इथे राहिला तो एदविन चेरिओच्या घरात. हा चेरिओ लेखक, इंजिनियर आणि काही काळ काप्रीचा महापौर. त्याने १९२२ मध्ये निसर्गदृश्य कसं जपावं या एकाच विषयावर इथे परिषद भरवली. आज बेटावर पांढऱ्या भिंती, कमानी आणि द्राक्षवेलींचे मांडव टिकून आहेत आणि वीस मजली हॉटेल कुठेच नाही. त्याचं काही श्रेय तरी अशा माणसांना द्यायला हवं.

फॅशन आली ती सर्वांत शेवटी, दुसऱ्या महायुद्धानंतर. सोन्या द लेनार्ट या फॅशन डिझायनरने १९४८ च्या सुमारास घोट्याच्या वर थांबणाऱ्या विजारीला काप्रीचं नाव दिलं. एमिलिओ पुचीने आपले भडक रंगांचे रेशमी कपडे याच बेटावर विकायला सुरुवात केली. १९४६ पासून चालत आलेल्या कान्फोराच्या दुकानात पायाचं माप घेऊन चामड्याच्या पट्ट्यांचे सँडल बनवून देतात; जॅकी केनेडी तिथली गिऱ्हाईक होती. पण हे सगळं ज्या साधेपणावर उभं होतं तो विसरू नये. अनवाणी किंवा सपाट सँडल, सुती विजार, डोक्याला रुमाल आणि उन्हाने रापलेली कातडी, एवढाच तो पोशाख. पॅरिसच्या टाचा आणि कमरपट्टे उतरवून ठेवायला मिळतात म्हणून ती मंडळी काप्रीला यायची.

म्हणून काय नेसावं-घालावं या प्रश्नावर मी दिलेला सल्ला छोटा आहे. सुती आणि लिननचे मोजके कपडे, संध्याकाळसाठी एक चांगला जोड, टोपी. हातमागाची सुती साडी पियाझेत्तात रात्री इतकी शोभते, की शेजारच्या टेबलावरची इटालियन बाई काठाचा पोत विचारल्याशिवाय राहणार नाही. कोल्हापुरी जरूर न्यावी. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या, महाराष्ट्रात गहजब झाला, आणि मग त्यामागे भारतीय हस्तकला असल्याचं कंपनीने मान्य केलं. तेव्हा मूळ माल पायात असण्यात वेगळीच ऐट आहे. मात्र ती फक्त चौकापुरती. झिजून गुळगुळीत झालेल्या चुनखडीच्या पायऱ्यांवर चामड्याचा तळवा घसरतो, आणि काप्री म्हणजे पायऱ्याच पायऱ्या. दिवसभरासाठी रबरी तळव्याचे बूट हवेत, आणि खडकांवरून पाण्यात उतरायला वेगळे.

कुठल्या महिन्यात जायचं, यावर पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे. इथे थोडक्यात: एप्रिलअखेर ते जूनचा पहिला आठवडा, किंवा मध्य सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर. महाराष्ट्रातल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी यात बरोबर बसते, हे आपलं भाग्य. डोंगरभर रानफुलं असतात, सूर्य आठनंतर मावळतो, आणि १४ मे रोजी काप्रीच्या संरक्षक संत कोस्तान्झोची चांदीची मूर्ती मिरवणुकीने गावातून बंदरावर उतरते. पाणी मात्र मेमध्ये गारच असतं. ज्यांना समुद्रात डुंबण्यातच सगळा रस आहे त्यांनी सप्टेंबर निवडावा. उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हा सर्वांत सुखाचं असतं. ऑगस्टमध्ये जाऊ नये. १५ ऑगस्टला सगळा इटली सुट्टीवर असतो आणि त्यातला बराचसा याच आखातात. दिवाळीची सुट्टीही उपयोगाची नाही, कारण तोवर हॉटेलं, खानावळी आणि बोटींच्या फेऱ्या एकेक करून मिटायला लागलेल्या असतात. शेंगेन व्हिसासाठी अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि मे महिन्यासाठी मुंबईत तारखा मिळणं अवघड जातं, म्हणून हे सगळं दिवाळीनंतर लगेच हाती घ्यावं. क्रम असा, की आधी तारीख, मग खोली, मग विमान. उलटं केलं की मनासारखी खोली मिळत नाही.

राहायचं कुठे, यावर बेटावरचे लोकही कधी एकमत होणार नाहीत. काप्री आणि अनाकाप्री ही दोन स्वतंत्र गावं आहेत, दोघांचे महापौर वेगळे, आणि एकमेकांबद्दलचं मत शतकानुशतकं वाईट. १८७० च्या दशकात कड्यातून रस्ता खोदला जाईपर्यंत वरच्या अनाकाप्रीला जायला बंदरापासून ९२१ पायऱ्यांची प्राचीन वाट चढणं हाच मुख्य मार्ग होता. फिनिशियन पायऱ्या या नावाने ती अजून आहे. बांधली ती बहुधा ग्रीकांनी. काप्री गावात राहिलात तर पियाझेत्ता, दुकानं आणि समुद्राकडचे रस्ते दारात येतात, आणि त्याची किंमत बिलात दिसते. अनाकाप्री स्वस्त, शांत, आणि मुख्य म्हणजे बरंचसं सपाट. आई-बाबा, सासू-सासरे बरोबर असतील तर हा मुद्दा हलका घेऊ नका. गुडघ्यांचा प्रश्न असेल तर अनाकाप्रीत चौकाजवळ खोली घ्यावी, हॉटेलला किती पायऱ्या आहेत हे सरळ पत्र लिहून विचारावं, आणि ‘अगदी थोड्या’ या उत्तरावर समाधान मानू नये. मी स्वतः अनाकाप्रीच्या बाजूचा आहे. रात्री खालच्या गावातून शेवटच्या छोट्या बसने कड्याच्या रस्त्यावरून वर जाताना खाली दिसणारे नेपल्सचे दिवे मला कुठल्याही बाल्कनीपेक्षा प्रिय आहेत. चार रात्री हव्यात; तीन चालतील. त्याहून कमी असतील तर सोरेंतोतच राहा.

सामानाबद्दल माथेरान आठवा, म्हणजे सगळं सोपं होईल. हंगामात बाहेरच्या गाड्यांना बेटावर बंदी आहे आणि गावातल्या गल्ल्यांत तर गाडी शिरूच शकत नाही. बंदरावर हमाल सामान ताब्यात घेतात, ते छोट्या विजेच्या गाड्यांवरून गल्ल्यांतून तुमच्याआधी खोलीवर पोचतं आणि तुम्ही हात हलवत फ्युनिक्युलरने वर जाता. १९०७ पासून ही दोरीची गाडी लिंबाच्या बागांमधून पाचेक मिनिटांत धक्क्यावरून थेट पियाझेत्ताच्या कडेला नेऊन सोडते. मोठी बॅग स्वतः ओढत नेण्यात वाचतात त्या पैशांची काही किंमत नाही, हमालाला द्या. उघड्या टपाच्या लांबड्या टॅक्सीत मात्र एकदा तरी बसावं. भाडं अवाच्या सवा असतं, पण डोक्यावर पट्ट्यापट्ट्यांचं कापड फडफडत असताना वळणं घेत वर जाण्यात १९५० च्या दशकाचा थोडा वारा लागतो.

आता समुद्र. निळ्या गुहेला जायचं का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. माझं उत्तर संकोचून ‘हो’ आहे, पण अटी आहेत. बंदरावरून मोठ्या बोटीने जाऊन उन्हात तासभर डुलत रांग लावण्यापेक्षा अनाकाप्रीहून बसने जावं आणि पायऱ्या उतरून तिथल्या नाविकाच्या होडीत बसावं. होडीत चौघं मावतात, आत जाताना पाठ टेकून आडवं पडावं लागतं, नावाडी साखळीला धरून होडी आत ओढतो आणि आत गेल्यावर गाणं म्हणतो. सगळा कार्यक्रम काही मिनिटांत आटोपतो. प्रकाश दुपारच्या आसपास सर्वांत चांगला. लाटा जराशा उसळल्या की गुहा बंद, मग कितीही लांबून आलात तरी उपयोग नाही. म्हणूनही चार रात्री हव्यात. टिबेरियसच्या काळी ही गुहा बहुधा खाजगी स्नानगृहासारखी होती. पाण्याखालून सापडलेले तिथले रोमन पुतळे अनाकाप्रीच्या कासा रोस्सा या लाल घरात ठेवले आहेत. गुहेत न गेलेल्यांनीही ते पाहावेत.

गुहेपेक्षा चांगला खर्च म्हणजे अर्ध्या दिवसासाठी नावाड्यासह घेतलेली लाकडी होडी. गोझो म्हणतात तिला. चौघांत वाटून घेतली तर खिशाला फार जड जात नाही आणि सबंध बेटाला वळसा होतो. फाराल्योनी खडकांपैकी मधल्याच्या नैसर्गिक कमानीतून होडी आरपार जाते. सर्वांत बाहेरच्यावर निळ्या रंगाचे सरडे राहतात, जे जगात दुसरीकडे कुठे नाहीत. पुढे पुंता मास्सुलोवर मालापार्तेचं लाल घर दिसतं. कुर्त्सिओ मालापार्ते या लेखकाने १९३० च्या दशकाअखेर ते कड्यावर बांधायला घेतलं. छपराकडे रुंदावत चढणाऱ्या त्याच्या पायऱ्या फ्रेंच दिग्दर्शक गोदारने १९६३ च्या चित्रपटात ब्रिजित बार्दोसकट अमर केल्या. घर आतून पाहता येत नाही. पोहायला न येणाऱ्यांनी पश्चिमेचं पुंता कारेना हे दीपगृह गाठावं. तिथे खडकांवर बसून पाय पाण्यात सोडता येतात, आणि बेटावरून सूर्य समुद्रात बुडताना पाहायची जागाही तीच. मरिना पिकोलाच्या खाजगी बीच क्लबांत खुर्ची-छत्रीला जे पैसे मोजावे लागतात त्यात कोकणात दोन दिवस राहून होतं. पण एक दिवस, नीट जेवणासकट, तो खर्च करायला माझी हरकत नाही. रोज मात्र नको.

ज्यांना चालायला आवडतं त्यांना या बेटाने कधीच निराश केलेलं नाही, आणि चालणं फुकट आहे. व्हिला योव्हिस सकाळी उघडल्याबरोबर, ऊन चढायच्या आधी. आर्को नातुराले या दगडी कमानीपासून सुरू होणारी पित्सोलुंगोची वाट मालापार्तेच्या घराच्या माथ्यावरून समुद्राकाठाने गावात परत येते. दुपारी चारनंतर तिथे सावली असते. पश्चिमेची किल्ल्यांची वाट, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रज-फ्रेंच झगड्यातली. १८०८ मध्ये फ्रेंचांनी हे बेट इंग्रजांकडून हिसकावलं तेव्हा इथला इंग्रज अधिकारी हडसन लो होता, तोच पुढे सेंट हेलेनावर नेपोलियनचा पहारेकरी झाला. मोंते सोलारो हे ५८९ मीटरचं शिखर, तिथे एकेकट्याच्या लोंबकळत्या खुर्चीतून जाता येतं, पाय द्राक्षांच्या आणि भाजीच्या वाफ्यांवरून तरंगत. आणि पाऊस लागला तर अनाकाप्रीचं सान मिकेले चर्च. १७६१ ची तिथली सबंध जमीन रंगीत माजोलिका फरश्यांची आहे. आदम आणि इव्ह यांना स्वर्गातून हाकललं जात आहे आणि भोवती हत्ती, उंट, मगर, बकरी असा सगळा गोतावळा जमला आहे. फरशीवर पाय ठेवता येत नाही. कडेच्या फळ्यांवरून फिरून गोल जिन्याने वरच्या सज्जात जायचं आणि तिथून पाहायचं.

शाकाहाऱ्यांना काप्रीत उपाशी राहायची वेळ येत नाही. टोमॅटो, मोत्सरेल्ला आणि तुळशीच्या जातीच्या बासिलचं काप्रेसे सॅलड इथलंच. काचोत्ता चीज आणि मार्जोरमची पानं भरलेली राविओली हा खरा घरगुती पदार्थ. सॅलडाआधी तो मागवावा. बदाम आणि चॉकलेटचा काप्रेसे केक मैद्याशिवाय होतो, पण अंड्याशिवाय नाही. कडक शाकाहाऱ्यांनी सॉसमध्ये अँचोवी मासा आहे का हे विचारावं आणि काही चीजमध्ये जनावराचं रेनेट असतं हे लक्षात ठेवावं. मासे खाणाऱ्या कोकणी माणसाने बटाट्याबरोबर शिजवलेले मोठे माकूळ चुकवू नयेत. कॉफी बारपाशी उभं राहून प्यायली तर नेहमीच्या भावात, पियाझेत्तातल्या टेबलावर बसून घेतली तर कितीतरी पटींनी महाग. फरकाचे पैसे खुर्चीचे असतात. ते सकाळी अकराला देणं वेडेपणा, रात्री नऊला देणं शहाणपणा. चांगल्या खानावळीत टेबल खोलीबरोबरच राखून ठेवावं. रात्रीचं जेवण आठच्या आधी सुरू होत नाही, तेव्हा मुलांसाठी संध्याकाळी पाचला फोकाच्चा किंवा पिझ्झाचा तुकडा हाताशी असू द्या.

किमतींचे तक्ते या पुस्तकात मुद्दाम दिलेले नाहीत. छापून होईपर्यंत ते जुने होतात. बोटींची वेळापत्रकंही नाहीत. पण बोटींबद्दल एक गोष्ट ध्यानात असावी. नेपल्सच्या मोलो बेवेरेल्लो धक्क्यावरून सुटणाऱ्या जलद बोटी तासाच्या आत पोचतात, पण वारा वाढला की त्याच आधी रद्द होतात. कालाता पोर्ता दि मास्साहून सुटणारी मोठी संथ फेरी दीड तासाच्या आसपास घेते आणि बऱ्याच खराब हवेतही चालते, शिवाय तिच्या गच्चीवरून व्हेसुव्हियस मागे सरकताना पाहता येतो. जाताना तीच घ्यावी. आणि परतीचं विमान ज्या दिवशी असेल त्याच्या आदल्या रात्री कुठल्याही परिस्थितीत बेटावर झोपू नये. ती रात्र नेपल्समध्ये काढावी, बंदरापासून चालत जाता येईल अशा हॉटेलात. संध्याकाळ मोकळी मिळाली तर तिथलं पुरातत्त्व संग्रहालय किती वाजता बंद होतं हे तेवढं आधी पाहून ठेवावं.